कांदा आज द्यायचा की चाळीत भरायचा? एका घरातलं भांडण आणि सूक्ष्म अर्थशास्त्र

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू एफ.वाय.बी.कॉम.ला आहेस. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात लिहिलंय की गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, म्हणून माणूस विवेकानं निवड करतो. पण तुमच्या घरी दर एप्रिलला उन्हाळ कांदा निघाला की भांडण ठरलेलं. 200 क्विंटल माल, बाजारात भाव क्विंटलला 1200. अण्णा म्हणतात, ‘खर्चच 1500 आलाय, 1200 ला कसा देऊ? चाळीत भरतो.’ (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) आई म्हणते, ‘विका आणि मोकळे व्हा, जूनमध्ये बी-खताला परत लाखभर रुपये शेकडा दोननं उचलावे लागतात.’ या दोघांत विवेकी कोण, आणि पुस्तकातले शब्द इथे कुठे बसतात, असं तू विचारतेस.

मी 28 वर्षं तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवलं आणि भावाबरोबर तीन एकर करतो, त्यामुळे हे भांडण मला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. अर्ध्या चाळीपुरती आई बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यापुरते कदाचित अण्णा. पण अण्णा जे कारण देतात ते चूक आहे. तिथूनच सुरुवात करू.

1500 रुपये खर्च आला. रोप, लागण, खुरपणी, औषधं, काढणी, सगळं धरून. हे पैसे गेले. आज 1200 ला विकलं तरी गेले, सप्टेंबरमध्ये 2500 ला विकलं तरी गेले आणि चाळीत सडून उकिरड्यावर टाकला तरी गेलेच. जो खर्च कुठलाही रस्ता धरला तरी सारखाच राहतो, त्याला रस्ता निवडताना मत नसतं. पुस्तकात याला बुडीत खर्च म्हणतात. ‘बुडीत’ म्हटलं की वर्गात मुलांना वाटतं नुकसान झालं. तसं नाही. तो फक्त मागे राहिला. खर्च भरून निघालेल्या वर्षीही तो तेवढाच मागे असतो.

मग उत्पादन खर्चाला काहीच अर्थ नाही का? आहे की. नोव्हेंबरात रोप टाकायच्या आधी आहे. तेव्हा 1500 रुपये अजून खिशात असतात, आणि यंदा कांदा करायचा का गहू-हरभरा हे ठरवताना तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय सरकारकडे भाव मागताना, मोर्च्यात, निवेदनात त्याला पूर्ण अर्थ आहे. शेतकऱ्याला खर्चाखाली विकावं लागतं हा अन्याय आहेच. पण अन्याय झाला म्हणून चाळीतला माल आणखी तीन महिने टिकत नाही. तक्रार एका वहीत आणि हिशेब दुसऱ्या वहीत ठेवायचा.

याचं टोकाचं रूप बघायचं तर फेब्रुवारी 2023 आठव. सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा आणला. भाव निघाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, दोन रुपये आणि काही पैसे उरले, आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. तो चेक सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. त्याच दिवसांत कितीतरी लोकांनी उभ्या कांद्यात रोटाव्हेटर घातला, आणि शहरातले लोक म्हणाले, ‘अरे, वाया का घालवता, मिळेल त्या भावात विका.’ अर्थशास्त्र रोटाव्हेटरवाल्याच्या बाजूनं आहे. त्या दिवशी त्याच्यापुढे लागणीचा खर्च नव्हताच, तो झालेला होता. पुढे होती ती काढणी, गोण्या, गाडी आणि हमाली. यापुढचा खर्च यापुढच्या पैशात निघत नसेल तर काढायचंच नाही. मागचे चाळीस हजार आठवून जो काढतो, तो त्यांच्यामागे आणखी दहा हजार धाडतो. पुढे सरकारनं क्विंटलला 350 रुपये, 200 क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. पण ते विकलेल्या मालावर होतं. नांगरलेल्या मालाला पट्टी कुठली?

आता तुमच्या चाळीकडे येऊ. आज विकलं तर काय मिळतं हा अर्धाच प्रश्न आहे. आज न विकल्यानं काय सोडावं लागतं, तो दुसरा अर्धा. पुस्तकातला वैकल्पिक खर्च तो हाच. एका निवडीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी हातची गेलेली सगळ्यात चांगली दुसरी निवड. एका क्विंटलवर मांडू.

आज: भाव 1200, गाडीभाडं-हमाली धरून 60 गेले, हातात 1140.

सप्टेंबरच्या मध्यावर: एप्रिलचा एक क्विंटल तेव्हा एक क्विंटल राहत नाही. पाणी उडतं, काजळी लागते, कोंब फुटतात, खालच्या थराला पाणी सुटतं. बरी चाळ असली तरी पाच महिन्यांत 30 टक्के घट धरावी लागते, म्हणजे 100 किलोचे 70 राहतात. चाळ फोडल्यावर निवडायला बायका लागतात, तिथे क्विंटलमागे 40 रुपये धरू. आता अण्णा ज्या भावाची वाट बघतायत तो 1500 रुपये भाव खरोखर आला असं समज. 70 किलोचे 1500 च्या दरानं 1050. त्यातून भाडं-हमालीचे 42 गेले, निवडणीचे 40 गेले. हातात 968.

आज 1140 आणि सप्टेंबरात 968. ‘खर्च निघाला’ म्हणत अण्णा त्या दिवशी समाधानानं विकतील आणि क्विंटलमागे 172 रुपये घालवतील. 200 क्विंटलला 34,400. आणि कुणाला कळणारही नाही, कारण न आलेल्या पैशाची पट्टी कुणी फाडत नाही.

म्हणून 1500 हा आकडा विसरायचा. बरोबरीचा भाव वेगळाच आहे. तो काढायला पैशाची किंमतही धरावी लागते, आणि खरी गंमत तिथे आहे.

तुझ्या आईनं सांगितलेला शेकडा दोनचा मुद्दा घे. जूनमध्ये लाखभर रुपये बाहेरून उचलावे लागतात. म्हणजे चाळीतल्या पहिल्या लाखभर रुपयांच्या मालाला, 1140 नं भागलं तर साधारण 90 क्विंटलला, महिना दोन टक्के खर्च चढतोय. पैसे खरं तर जूनमध्ये लागतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून पाच महिन्यांचे दहा टक्के धरू. 1140 चे 1254 झाले, निवडणीचे 40 मिळवून 1294. एवढे पैसे 70 किलोतून निघायला हवेत. 1294 ला 0.7 नं भागलं की 1849, वर भाडं-हमालीचे 60. म्हणजे भाव 1909 तरी हवा.

उरलेल्या 110 क्विंटलचा पैसा आज आला तर तो कुठे जाईल? पतसंस्थेत किंवा बँकेत ठेवीत, वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास. पाच महिन्यांचे तीन टक्के होत नाहीत. तोच हिशेब केला की बरोबरीचा भाव येतो 1793.

एकच शेत, एकच चाळ, एकाच दिवशी काढलेला कांदा, आणि तरी अर्थशास्त्राच्या नजरेत तो दोन वेगळे माल आहे. पहिल्या नव्वद क्विंटलला थांबणं महाग पडतं, नंतरच्या एकशे दहाला तेवढं नाही. ‘सगळा विका’ आणि ‘सगळा भरा’ हे भांडणच चुकीच्या जागी लागलंय. सूक्ष्म अर्थशास्त्रात जागोजागी भेटणारा ‘सीमांत’ हा शब्द एवढंच सांगतो: ढिगाचा निर्णय ढिगानं घेऊ नकोस, पुढच्या एका क्विंटलचा घे, आणि मग त्याच्या पुढच्याचा. नव्वद आज दिले की आईचं जूनचं ओझं उतरलं. पुढचं अण्णांच्या अंदाजावर सोडता येतं.

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत वर्गात आंबा खाऊन शिकवतात. पहिला आंबा गोड, पाचवा नको. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण तो पैशाला जास्त लागतो. तुमच्या घरात येणारे पहिले पन्नास हजार सोयाबीनचं बी, खत आणि तुझी फी यांत जातात. शेवटचे पन्नास हजार आले तर नवा मोबाइल, नाही आले तर जुनाच. दोन्हीकडे रुपये तेवढेच, पण पहिल्या पन्नास हजारांवर जुगार खेळायचा नसतो. आई ‘मोकळे व्हा’ म्हणते त्यामागे हा सिद्धांत आहे, तिनं तो वाचलेला नसला तरी.

आणि म्हणूनच एप्रिलमध्ये पडत्या भावात सगळा माल देऊन टाकणाऱ्या शेजाऱ्याला अडाणी म्हणू नकोस. त्याला दोन टक्क्यांनी नाही, पाच टक्क्यांनी पैसे मिळत असतील. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते आणि पुढचं कर्ज अडतं, तसं काही असेल. त्याच्याकडे चाळ नसेल, पोरीचं लग्न असेल. त्याच्या बेड्या घालून हिशेब केला तर त्याचं उत्तर बरोबर निघतं. विवेक म्हणजे शहाण्यासारखं दिसणं नव्हे. जी साधनं हातात आहेत त्यांच्या मर्यादेत आपलं जास्तीत जास्त साधणं, एवढाच त्याचा अर्थ. 1932 साली लायोनेल रॉबिन्स यांनी अर्थशास्त्राची व्याख्या केली ती याच धाटणीची: साध्यं अनेक, साधनं दुर्मिळ, आणि त्या साधनांचे पर्यायी उपयोग असणं. शेवटच्या तुकड्याकडे लक्ष दे. साधन नुसतं कमी असून भागत नाही, ते दुसरीकडेही वापरता यायला हवं, तरच निवडीचा प्रश्न उभा राहतो. चाळीतली जागा, जूनमधला रुपया, विहिरीतलं पाणी, सगळ्यांचं तसंच.

पाण्यावरून आठवलं. थोडं आडवळण आहे, पण विवेकाची सगळ्यात मोठी चूक माझ्या मते तिथे होते. आपल्याकडे चावडीवर सगळी बात ‘एकरी’ चालते. एकरी किती निघाला, एकरी किती सुटले. पण तुझ्या गावात दुर्मिळ काय आहे, जमीन की पाणी? धर की चार एकर रान आहे आणि दिवाळीनंतर विहीर मार्चपर्यंत एकूण वीस पाळ्या देईल एवढंच पाणी (एक पाळी म्हणजे एका एकराला एकदा पाणी). कांद्याला एकरी दहा पाळ्या लागतात, हरभऱ्याला दोन. कांदा एकरी साठ हजार सोडतो, हरभरा वीस हजार. (आकडे सोयीचे घेतलेत, तू तुमचे घाल.) एकरी बघितलं तर कांदा तिप्पट. पाळीमागे बघितलं तर कांदा सहा हजार, हरभरा दहा हजार! मग सगळा हरभरा करायचा? तेही नाही. चार एकर हरभरा केला तर आठ पाळ्यांत ऐंशी हजार येतात आणि बारा पाळ्या विहिरीतच राहतात. सगळं पाणी कांद्याला दिलं तर दोन एकर भिजतं, दोन एकर पडीक, एक लाख वीस हजार. आता सीमांत विचार कर. हरभऱ्याचा एक एकर मोडून कांदा केला तर आठ पाळ्या जास्त लागतात आणि चाळीस हजार जास्त येतात. शिल्लक बारा पाळ्यांत असे दीड एकर बदलता येतात. दीड एकर कांदा, अडीच एकर हरभरा: नव्वद हजार आणि पन्नास हजार मिळून एक लाख चाळीस हजार. पाणीही पुरं वापरलं, रानही. आधी अडसर नेमका कशाचा आहे ते ओळखायचं आणि मग त्या अडसराच्या मापानं मोजायचं. लागणीच्या आठवड्यात बायकाच मिळत नसतील तर अडसर मजुरांचा, मग ‘पाळीमागे’ नाही, ‘रोजामागे’ मोजायचं.

परत चाळीकडे.

भरलेल्या 110 क्विंटलचं काय? बहुतेक लोक एप्रिलमध्ये एकदा ठरवतात आणि मग दिवाळीपर्यंत त्या शब्दाला धरून बसतात. घट सरळ रेषेत जात नाही. मे-जूनमध्ये वजन थोडं उतरतं, सड कमी. आर्द्रा-पुनर्वसूचं दमट हवामान लागलं की चाळीत वास सुरू होतो आणि तिथून सड पळत सुटते. म्हणून दर महिन्याला निर्णय नव्यानं घ्यायचा. समज 15 जुलै आहे, भाव 1600 आहे, आणि पुढच्या महिन्यात उरलेल्यातला दहावा हिस्सा जाईल असं दिसतंय. आज हातात 1540. एक महिना थांबलं तर 100 चे 90 किलो, म्हणून 1540 भागिले 0.9, म्हणजे 1711, वर 60. 15 ऑगस्टला 1771 च्या वर भाव जाईल अशी खात्री असेल तरच थांबायचं. या प्रश्नात एप्रिलचे 1200 नाहीत. 1500 चा खर्च नाही. मागच्या मंगळवारी 1750 झाला होता तेव्हा दिला नाही, हेही नाही. त्या 1750 नं फार लोकांना मारलंय. एकदा बघितलेला वरचा भाव हाच आपला ‘खरा’ भाव होऊन बसतो आणि त्याच्याखालचं सगळं नुकसान वाटतं. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं ते हेच: माणूस नफा-तोटा एका मनातल्या खुणेपासून मोजतो आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख त्याला जास्त लागतं. अण्णांची खूण 1500 वर आहे. त्याखाली विकणं म्हणजे हार. म्हणून ते खात्रीचे 1140 सोडून जुगार घेतात. काहनेमनना पुढे 2002 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे हे ज्ञान लिलावात उभ्या असलेल्या कुठल्याही व्यापाऱ्याला आहे, आणि तो त्याचा उपयोग करतो.

भाव कुठे जाईल? ते मला कळत असतं तर 28 वर्षं खडू घासत बसलो नसतो. पण काही गोष्टी कळतात. कांद्याची मागणी अलवचिक आहे. किलो पंधराला झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही, साठला झाला म्हणून पोहे कांद्याशिवाय करत नाही. त्यामुळे मालात थोडी तूट आली तरी भाव उडतो आणि थोडा माल जास्त झाला तरी कोसळतो. दुसरं, लासलगावला रोज शेकडो ट्रॉल्या उभ्या असतात, त्यात तुमची एक. तुम्ही थांबल्यानं भाव हलत नाही. ‘सगळ्यांनी मिळून माल थांबवू’ हे दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी मोडतं, कारण बाकीचे थांबले की भाव चढतो आणि चढलेल्या भावात गुपचूप एक ट्रॉली नेणं ज्याच्या त्याच्या फायद्याचं असतं. त्यात कुणाची नियत वाईट आहे असं नाही. तिसरं, गेल्या वर्षी भाव चढा होता म्हणून यंदा सगळ्यांनी रोप टाकलंय का, हे नोव्हेंबरातच आपल्या शिवारात दिसतं. चढ्या भावानं लागण वाढते आणि वाढलेल्या मालानं भाव पडतो, याला कोळ्याच्या जाळ्याचा (कॉबवेब) सिद्धांत म्हणतात. बियाणाच्या दुकानातली गर्दी हा त्याचा सगळ्यात स्वस्त निर्देशांक.

चौथी गोष्ट पुस्तकात नाही आणि मी ती पैसे मोजून शिकलो. अपेक्षित मूल्य काढताना आपण वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाव धरतो. समज सप्टेंबरात 900, 1800 किंवा 3000 आणि तिन्हींची शक्यता सारखीच. सरासरी 1900. तुमचा बरोबरीचा भाव 1793, म्हणजे भरायला हरकत नाही. पण कांद्यात वरचा भाव सरकार टिकू देत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये भाव चढले, निर्यातबंदी आली. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य (त्याखाली परदेशी विकायला मनाई), आणि 8 डिसेंबरला सरळ बंदी. ती उठली 4 मे 2024 ला, तीही 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. पुढे सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य झालं. यातलं राजकारण तू तुझं ठरव. हिशेबापुरतं एवढंच बघ, की भाव वर गेला की हात पडतो, खाली गेला की तेवढ्याच जोरानं उचलणारा हात नाही. म्हणजे 3000 च्या जागी 2200 धर. सरासरी आली 1633. त्याच चाळीचा निर्णय उलटा झाला. तुमचा अंदाज चुकला म्हणून नाही, वरची बाजू कापलेली होती म्हणून.

ऑगस्ट 2023 ला माझ्या चाळीत साठ क्विंटल होता. भाव चांगला चालला होता. बायको म्हणाली, द्या. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस. शनिवारी शुल्क जाहीर झालं, सोमवारी जिल्ह्यातले लिलाव बंद. दिवसभर फोन, मोर्चे, बातम्या. मंगळवारी केंद्रानं 2410 रुपयांनी दोन लाख टन घेऊ म्हणून जाहीर केलं. आमच्या आळीत ते 2410 बघायला मिळाले असा माणूस मला भेटला नाही. त्या तीन दिवसांत मी काय केलं? काहीच नाही. लिलाव सुरू झाले तरी आठवडाभर नेला नाही, कारण डोक्यात शुक्रवारचा भाव होता. वर्गात ‘बुडीत खर्च विसरा’ शिकवणारा माणूस शुक्रवारचा भाव विसरू शकला नाही. नेला तेव्हा खालच्या थरातले सात-आठ क्विंटल बांधावर गेले होते.

तर विवेकी कोण? अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन म्हणाले होते की माणसाची विवेकशक्तीच मर्यादित असते. सगळे पर्याय, सगळी माहिती, सगळे हिशेब त्याला झेपत नाहीत, म्हणून तो ‘सर्वोत्तम’ शोधत नाही, ‘पुरेसं चांगलं’ सापडलं की थांबतो. त्यांना 1978 चं नोबेल मिळालं. आमच्या भागात जुने लोक चाळीचे तीन भाग करतात. एक काढणीला, एक श्रावणाच्या आधी, एक नशिबाला. कुठल्याही वर्षी हा सगळ्यात जास्त पैसे देणारा मार्ग ठरत नाही, कारण ज्या वर्षी भाव चढतो त्या वर्षी ‘सगळं भरलं असतं तर’ आणि पडतो त्या वर्षी ‘सगळं विकलं असतं तर’ ही बोच असतेच. पण कुठल्याही वर्षी तो घर बुडवत नाही. तुमच्या घराला मी हेच सांगेन, फक्त भाग सारखे नकोत. पहिला भाग आईच्या लाखाएवढा, नव्वद क्विंटल, आत्ता. उरलेल्यातला मोठा भाग जुलैपर्यंतच्या महिन्या-महिन्याच्या हिशेबावर. नशिबाला वीस-पंचवीस क्विंटल, गेले तरी जेवण गोड लागेल इतकेच. आणि निर्णय चांगला होता का हे सप्टेंबरच्या भावावरून ठरवू नका. आज जे दिसत होतं त्यावरून ठरवा. नाहीतर भाव चढला की अण्णा आईला ऐकवतील आणि पडला की आई अण्णांना, आणि पुढच्या एप्रिलला भांडण तिथूनच सुरू.

आता एक काम तू कर, कारण या सगळ्या हिशेबात सगळ्यात जास्त वजन घटीचं आहे आणि मी धरलेले 30 टक्के तुमच्या चाळीचे नाहीत. घट नुसती चाळीत ठरत नाही, बरीचशी फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातच ठरते. काढणीच्या तोंडावर पाणी दिलं, युरिया उशिरा पडला, पात नीट न सुकवता कापली, की कितीही चांगली चाळ असू दे. भीमा शक्ती किंवा एन-2-4-1 सारखं टिकाऊ बी आणि दुकानदारानं गळ्यात मारलेलं बी यांतही मोठा फरक. तेव्हा ढोबळ मापं सोड. भरतेवेळी जाळीच्या तीन गोण्यांत प्रत्येकी 50 किलो कांदा काट्यावर मोजून भर, गोणीला चिठ्ठी बांध, आणि एक वरच्या थरात, एक मध्ये, एक खाली, पण हात पोचेल अशा कडेला ठेव. दर पंधरा दिवसांनी काढायची, सडका बाजूला करायचा, उरलेला मोजायचा, वहीत तारीख आणि किलो लिहायचे. 15 जुलैला तुझ्याकडे तुमच्या स्वतःच्या चाळीचा आकडा असेल. मग 0.9 च्या जागी तो घाल, त्या दिवशीचा लासलगावचा सरासरी भाव घे, आणि अण्णांसमोर वही ठेव. खालची गोणी बघताना नाकाला रुमाल बांध.